ल्युकेमिया पॉझिटिव्ह पिल्लं फॉस्टर करताना: दुसऱ्या चाचणीपर्यंत की शेवटपर्यंत?

फेलाइन ल्युकेमिया (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणूजन्य रोग) पॉझिटिव्ह असलेली मांजरीची पिल्लं फॉस्टरला, म्हणजे स्वतःच्या घरी तात्पुरती सांभाळायला, घ्याल का, असा प्रश्न येतो तेव्हा त्यात दोन निराळी कामं दडलेली असतात. एक म्हणजे निदान पक्कं होईपर्यंत पिल्लू सांभाळणं. दुसरं म्हणजे निदान पक्कं झालेलं पिल्लू, त्याला कायमचं घर मिळेपर्यंत किंवा त्याचा मृत्यू होईपर्यंत, आपल्याकडे ठेवणं. पहिलं काही आठवड्यांचं असतं. दुसरं कधी काही महिन्यांचं, कधी काही वर्षांचं. पिल्लू देणाऱ्यांशी फोनवर बोलताना हा फरक बहुतेक वेळा कुणी काढतच नाही, म्हणून तो तुम्हीच काढा.

पहिल्या कामाला इतकं महत्त्व का, ते आधी सांगते. दवाखान्यात काही मिनिटांत होणारी चाचणी रक्तातलं पी२७ हे विषाणूचं प्रथिन शोधते, अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) नाही. त्यामुळे आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडींनी किंवा लसीने ती चुकत नाही. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणारा दुसरा एक विषाणू, त्याच्या चाचणीचं तसं नाही. तिथे आईच्या अँटिबॉडींमुळे पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत खोटं पॉझिटिव्ह दिसू शकतं. ल्युकेमियाच्या चाचणीला ही अडचण नाही, तरी एका पॉझिटिव्हवर पिल्लाचं भवितव्य ठरवू नये. चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. संसर्ग खरा असला तरी काही मांजरांचं शरीर विषाणूला मागे रेटतं. त्यांच्या पेशींत विषाणूचा डीएनए राहतो, पण रक्तात विषाणू फिरत नाही. त्याला रिग्रेसिव्ह संसर्ग म्हणतात आणि अशी मांजरं पुष्कळदा नेहमीसारखं आयुष्य जगतात. विषाणू पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता मात्र उरते. ज्यांच्या रक्तात तो टिकून राहतो, त्यांचा संसर्ग प्रोग्रेसिव्ह. त्यातली बहुतेक मांजरं निदानानंतर साधारण तीन वर्षांच्या आत जातात आणि पिल्लांच्या वाट्याला अनेकदा त्याहूनही कमी काळ येतो. म्हणून प्रयोगशाळेत पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी, एवढं होईपर्यंत त्या पिल्लाला एक सुरक्षित खोली लागते. ती खोली देणारा माणूस अर्धवट मदत करतो असं मला मुळीच वाटत नाही. ती नसेल तर कित्येक पिल्लांची दुसरी चाचणी होतच नाही.

निगेटिव्ह आलेल्या भावंडांचंही गृहीत धरू नका. संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत महिनाभर लागू शकतो. त्यांचीही पुन्हा चाचणी हवी, प्रत्येकाची स्वतंत्र, आणि तोवर ती पॉझिटिव्ह भावंडापासून वेगळी हवीत.

आता घराकडे बघू. घरात मांजर नसेल तर दोन्ही कामं जमण्यासारखी आहेत. कुत्रा असला तरी चालतं, कारण हा विषाणू कुत्र्यांना लागत नाही आणि माणसांनाही नाही. घरात मांजर असेल तर मात्र उत्तर बदलतं. संसर्ग मुख्यतः लाळेतून होतो: एकमेकांना चाटणं, एकाच वाटीतून खाणंपिणं, चावे. लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे) सामायिक असणंही धोक्याचं. शरीराबाहेर, विशेषतः कोरड्या जागी, विषाणू फार टिकत नाही आणि साबणाने, साध्या जंतुनाशकाने मरतो. त्यामुळे बंद दाराची खोली, वेगळ्या वाट्या, वेगळा ट्रे आणि हात धुणं एवढ्यावर काही आठवडे नीट निभतात. दाराच्या फटीतून हवेने रोग येईल ही भीती सोडा. तरी घरातल्या मांजरांची आधी चाचणी करून घ्या आणि निगेटिव्ह असतील तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लसीचे दोन डोस पूर्ण झाल्यावरच पिल्लू आणा. लस चांगली आहे, पण शंभर टक्के नाही, त्यामुळे लस झाली म्हणून दार उघडायचं नाही.

हेच दुसऱ्या कामाला लावून बघा. पिल्लू आठ आठवड्यांचं आहे, उड्या मारतंय, दाराखालून पंजा घालून पलीकडच्या मांजराला बोलावतंय. त्याला वर्ष-दोन वर्षं त्याच खोलीत ठेवायचं? आधीच थोडं असलेलं त्याचं आयुष्य एकटेपणात काढायला लावणं मला मान्य नाही. घरात निगेटिव्ह मांजरं असतील तर शेवटपर्यंतचं काम घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. मांजर नसलेलं किंवा फक्त पॉझिटिव्ह मांजरं असलेलं घर शोधायला मदत करा. अशी घरं मिळतात. निदान पक्कं झालेली दोन भावंडं असतील तर जोडीनेच द्या.

रोजच्या कष्टांत फरक वाटतो त्यापेक्षा कमी आहे. पॉझिटिव्ह पिल्लू बरेच महिने इतर पिल्लांसारखंच खातं, खेळतं, पडदे चढतं. फरक नजर ठेवण्यात आहे. रोज सकाळी वजन करा. या वयात आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ हवी. वजन थांबलं तर ते लक्षण माना. मग ओठ अलगद वर करून हिरड्या पाहा. गुलाबी असाव्यात. फिकट, पांढुरक्या दिसल्या तर रक्तक्षय असू शकतो, आणि या रोगात तो वारंवार दिसतो. प्रतिकारशक्ती कमी असल्यामुळे ताप, सर्दी, जुलाब यांना "उद्या बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. कच्चं मांस नको, बाहेर सोडणं नको, नसबंदी वेळेवर. शेवटपर्यंतच्या कामात दर सहा महिन्यांनी तपासणी धरूनच चाला. लिम्फोमासारखं (एक प्रकारचा कर्करोग) काही निघालं तर निर्णय पटकन घ्यावे लागतात.

खर्च आणि ते निर्णय कुणाचे, हे पिल्लू घरी येण्याआधी लिहून घ्या. औषधोपचार कुठवर करायचे आणि वेदना थांबवण्यासाठी दयामरणाचा निर्णय कुणी घ्यायचा, हे रात्री दोन वाजता पिल्लू धापा टाकत असताना ठरवण्याच्या गोष्टी नाहीत. दुसऱ्या चाचणीपुरतंच घेत असाल तर चाचणीची तारीख आणि त्यानंतर पिल्लू कुठे जाणार, हेही लेखी असू द्या. तारीख नसलेलं "थोडे दिवस" बघता बघता दुसरं काम होऊन बसतं आणि बंद खोलीची जुळवाजुळव तेवढ्यासाठी केलेली नसते.

पिल्लू गेल्यावर त्या खोलीत दुसरी पिल्लं कधी आणता येतील, हेही पुष्कळजण विचारतात. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, तसं इथे नाही. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, वाट्या आणि ट्रे जंतुनाशकाने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्या, फरशी पुसून घ्या. त्यानंतर काही दिवसांत खोली पुन्हा वापरता येते.