दिवाळीच्या सुट्टीत दक्षिण स्पेन, दोन टीनएजर आणि आठ रात्री: पाच महिन्यांनी लिहिलेला रिव्ह्यू

ट्रिपहून आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळ्यालाच पाचपैकी पाच दिले असते, म्हणून मुद्दाम थांबले. आता पाच महिने झालेत, क्रेडिट कार्डाचं शेवटचं बिलही भरून झालंय आणि मधल्या काळात हाच प्लॅन माझ्या नणंदेने ख्रिसमसला वापरून त्यातल्या चुका मला फोनवर तासभर ऐकवल्यात, तर आता काय ते खरं खरं लिहिते.

आम्ही चौघं, ठाण्याचे. लेक सोळाची, अकरावीत. धाकटा तेराचा. हा रिव्ह्यू कुठल्या हॉटेलचा किंवा टूरवाल्यांचा नाहीये, आमच्या प्लॅनचा आहे, म्हणजे ज्या गूगल शीटवर आम्ही एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत भांडलो त्या शीटचा. भाऊबीज आटपून निघालो. माद्रिदला एक रात्र, मग ट्रेनने सेव्हिल तीन रात्री, वाटेत कोर्दोबा, ग्रानादा दोन, मालागा दोन आणि मालागाहूनच परत. येताना पुन्हा माद्रिदला जायचं नाही हे एक शहाणपणाचं काम केलं, तिकीट थोडं महाग पडलं पण अख्खा एक दिवस वाचला.

पहिला प्लॅन नवऱ्याचा होता. त्यात आठ दिवसांत नऊ गावं होती. कादिस, रोंदा, जिब्राल्टर, सगळं. रोज सकाळी साडेसहाला उठणे, सात वाजता नाश्ता, साडेसातला बाहेर, असं रंगीत चौकोनांत भरलेलं. जिब्राल्टर तर स्पेनमध्ये नाहीच, ते ब्रिटिशांचं, हे लेकीने शोधून काढलं आणि मग तिला चेवच चढला. तिने शीटमध्ये दुसरा टॅब उघडला आणि वर एकच ओळ लिहिली: रोज एकच बुकिंग, तेही साडेदहाच्या आधी नाही. बाकी दिवस मोकळा. नवरा म्हणाला एवढे पैसे घालून तिकडे झोपायला जायचंय का. मीही तेव्हा त्याच्याच बाजूने होते, खोटं कशाला बोलू.

पण पाच महिन्यांनी सांगते, या एका ओळीनेच ट्रिप वाचवली, आणि ती का चालली ते तिथे गेल्यावर कळलं. त्या देशाचं घड्याळच टीनएजरांचं आहे! स्पेन नकाशावर बघा, बराचसा ग्रीनिचच्या पश्चिमेला, सेव्हिल तर पोर्तुगालच्या शेजारीच, पण १९४० पासून त्यांनी घड्याळ लावलंय जर्मनीच्या वेळेला. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी माद्रिदला पहिल्या सकाळी आठ वाजता बाहेर मिट्ट काळोख, सूर्य साडेआठनंतर. आमचे साहेब सवयीने साडेपाचला उठून, बाथरूममध्ये प्रवासी किटली लावून, सोबत नेलेल्या प्रीमिक्सचा चहा करून खिडकीत बसले होते आणि दर दहा मिनिटांनी म्हणत होते, अजून उजाडत नाहीये गं. मुलं नऊपर्यंत गाढ. त्याच रात्री घड्याळं एक तास मागे गेली, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जातात तशी, तर मुलांना झोपायला आणखी एक तास फुकट मिळाला आणि याला वाट बघायला.

संध्याकाळची गंमत याच्या उलट. सेव्हिलमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला सात वाजता कडकडून भूक लागली. आपली जेवायची वेळ. एका ठिकाणी जाऊन बसलो तर वेटरने हसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, किचन साडेआठला. चौघांनी एक ताटली ऑलिव्ह आणि एक वेफर्सवर दीड तास काढला, धाकटा नॅपकिनला नॅपकिन जोडत बसला. मग दहा वाजता बाहेर पडलो तर चौकात पाच-सहा वर्षांची पोरं फुटबॉल खेळतायत, आज्या बाकावर बसल्यात, कोणी कोणाला घरी चला म्हणत नाहीये. लेक म्हणाली, बघ, इथे मला कोणी घुबड म्हणणार नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जेवण अडीचला आणि रात्रीचं नऊला असं करून टाकलं, मध्ये दुकानं बंद असतात तेव्हा रूमवर पडून राहायचं, आणि त्यानंतर भुकेवरून एकही भांडण झालं नाही. हा बदल पहिल्याच दिवशी करा.

खाण्याबद्दल विचारणारे खूप असतात म्हणून जरा सविस्तर. मी शाकाहारी, बाकी तिघं सगळं खातात. तिकडे हॅम हे मांसात मोजतच नाहीत की काय कोण जाणे. कोर्दोबाचं साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह ऑइलचं दाट गार सार, ते मागवलं तर वर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं भुरभुरवून आलं. सॅलड मागवलं तर त्यात ट्यूना. मग लेकीने मला दोन वाक्यं पाठ करून घ्यायला लावली, सिन हामोन, सिन आतून, म्हणजे हॅम नको, ट्यूना नको. धाकटा आठ दिवस तेच घेऊन बसला, आईला आतून नको, बाहेरून चालेल. हे एकदा जमलं की मग हाल होत नाहीत. सेव्हिलला पालक आणि काबुली चण्यांची एक भाजी मिळते, जिऱ्याचा वास आला आणि डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. आणि वांग्याचे तळलेले काप, वर मिएल दे कान्या, म्हणजे उसाचा पाक, म्हणजे चक्क काकवी! वांग्याच्या भजीवर काकवी ओतायची कल्पना आपल्याकडे कोणाला कशी सुचली नाही. मी आता घरी करते, कोल्हापूरची काकवी आणून, आणि पाच महिन्यांत ट्रिपमधली सगळ्यात जास्त वापरली गेलेली गोष्ट हीच आहे.

सेव्हिलच्या रस्त्यांवर दुतर्फा संत्र्याची झाडं आहेत, ऑक्टोबरमध्ये हिरवीच होती फळं. ती कडू असतात, इंग्लंडात त्यांचा मार्मलेड करतात. स्पॅनिशमध्ये संत्र्याला नारांखा म्हणतात. संस्कृत नारंग, मग फारसी, मग अरबी आणि मग हे. धाकट्याला हे आवडलं, म्हणाला म्हणजे हा आपलाच शब्द फिरून आलाय.

आता बघण्याचं. प्रत्येक ठिकाणचं लिहीत नाही, नेटवर ढीग आहे. सेव्हिलच्या कॅथेड्रलचा मनोरा, हिराल्दा, मूळचा मशिदीचा, तिथे वर जायला जिने नाहीत, उतार आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून, असं सांगतात. हे ऐकून मुलं आपणहून चढली. प्लासा दे एस्पान्या हा चौक १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेला, तिथे छोट्या कालव्यात होडी भाड्याने मिळते, मुलांनी वल्ही मारली आणि गोल गोल फिरले. अल्काझार हा राजवाडा लेकीला आवडला, मला बाग आवडली, नवऱ्याने बाकडं शोधलं.

कोर्दोबाच्या मेस्कितात, म्हणजे जुन्या मशिदीत, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट प्रवेश असतो. चौघांच्या तिकिटांचे पैसे वाचले असते, पण सेव्हिलहून ट्रेनने पाऊण तास म्हणजे सहाला उठणं आलं. मतदान घेतलं, सहाला उठण्याच्या विरोधात तीन, बाजूने एक, आणि विरोधात मीही होते हे ऐकून माझी आई अजून हसते. पैसे भरून साडेअकराला गेलो. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. आठव्या शतकातल्या मशिदीचे लाल-पांढऱ्या कमानींचे खांब, एकामागे एक, संपतच नाहीत, आणि चालता चालता मध्येच सोळाव्या शतकात घुसवलेलं भलंमोठं कॅथेड्रल. खांब ८५६ आहेत. धाकट्याने मोजायला घेतले, एकशे तीसला गोंधळला, परत पहिल्यापासून सुरू केले आणि मग सोडून दिलं.

ग्रानादाचा अल्हाम्ब्रा, म्हणजे टेकडीवरचा जुना किल्ला आणि आतले राजवाडे, हे एकच बुकिंग असं आहे की त्याच्याभोवती बाकी ट्रिप बांधायची. आधी अल्हाम्ब्रा, मग हॉटेल, मग ट्रेन. तिकीट नावावर असतं, आणि आतल्या नासरिद सुलतानांच्या राजवाड्यांची वेळ तिकिटावर छापलेली असते, त्या वेळेलाच आत. आम्ही तिकिटं खूप आधी काढली. नणंदेने दोन आठवडे आधी बघितलं तर सगळं फुल्ल, ते बिचारे फक्त बाहेरून आणि समोरच्या सान निकोलासच्या टेकडीवरून बघून आले, आणि तो फोन मला आला. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आधी सुरू करून ठेवा, माझा बंद होता आणि पेमेंट तीनदा फेल झाल्यावर मी तिकिटांच्या साइटला शिव्या घालत बसले होते.

आणि पासपोर्ट. आम्ही गेटवर पोहोचलो, आमचा स्लॉट बाराचा, सव्वाअकरा वाजलेले, आणि धाकट्याचा पासपोर्ट दुसऱ्या जॅकेटमध्ये, जॅकेट अपार्टमेंटवर. मोबाइलमधला फोटो दाखवला, गेटवरच्या बाईने मान हलवली. नवरा एक शब्द न बोलता चढाच्या रस्त्याने खाली धावत सुटला, पन्नाशीचा माणूस, गुडघ्याला पट्टा. मी मनात सिद्धिविनायकाला नारळ बोलले. तो टॅक्सीने परत आला तेव्हा बाराला अठरा कमी होत्या, आणि गेटपासून नासरिद राजवाड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालायचं असतं हे आम्हाला आत शिरल्यावर कळलं. चौघं पळत. रांगेच्या टोकाला पोहोचलो, मागे वळून बघितलं तर हा घामाने निथळतोय आणि धाकटा त्याचा हात धरून उभा. तेरा वर्षांचा, जो शाळेच्या गेटवर मला ओळख दाखवत नाही.

आत बारा सिंहांचं कारंजं आहे, फोटोत बघितलेलं असतंच. आमच्याकडे वेगळाच खेळ झाला. भिंतींवर अरबी अक्षरांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा कोरलंय, अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही, नासरिद सुलतानांचं ब्रीद. लेकीने त्या वाक्याचा आकार फोनवर बघून ठेवला आणि दोघांनी ते शोधायची पैज लावली, कमानीवर, खिडकीवर, फरशांच्या वरच्या पट्टीत. त्या नादात दोघांनी जेवढं निरखून बघितलं तेवढं मी नाही बघितलं. हे वाक्य कोरणाऱ्यांनी २ जानेवारी १४९२ला शहराच्या किल्ल्या ख्रिश्चन राजाराणीला देऊन टाकल्या हे बाहेर आल्यावर नवऱ्याने सांगितलं, तर लेक पटकन म्हणाली, आणि भिंती तशाच ठेवल्या?

त्याच रात्री ग्रानादाच्याच साक्रोमोंते भागातल्या गुहेत फ्लामेंको नाच. शो रात्री दहाचा. लेक अकरा वर्षं कथक शिकतेय. पायांचं काम सुरू झालं आणि तिची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजायला लागली. हा नाच करणाऱ्या तिथल्या हितानो, म्हणजे रोमा लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी उत्तर-पश्चिम भारतातून निघालेले. तिने परत आल्यावर तिच्या बाईंना फोन लावून अर्धा तास तेच सांगितलं. हे आमच्या प्लॅनमध्ये नव्हतं, दुपारी तिनेच रिकाम्या वेळात शोधलं. मोकळा दिवस ठेवल्याचा हा फायदा.

धाकट्यासाठी कामिनितो देल रेय. मालागाहून ट्रेनने एल चोरो. धरणाच्या आणि वीजकेंद्राच्या कामगारांसाठी १९०५च्या सुमारास दरीच्या कड्याला लटकवलेली वाट, १९२१ साली राजा तिच्यावरून चालला म्हणून हे नाव, मग पडझड झाली, २०१५ला नवी करून उघडली. आठ वर्षांखाली प्रवेश नाही, हेल्मेट सक्तीचं. खाली शंभर मीटर दरी, पायाखाली फळ्या. मी अख्खी वाट भिंतीला चिकटून चालले आणि राजमाचीला दर पावसाळ्यात जाणाऱ्या बाईची अब्रू गेली. धाकटा शेवटच्या झुलत्या पुलावर मुद्दाम मधोमध थांबला. सोमवारी बंद असतं, एवढं बघून घ्या.

तक्रारी. सेव्हिलच्या तीनपैकी एक रात्र ग्रानादाला द्यायला हवी होती. माद्रिदची रात्र निव्वळ थकवा काढण्यात गेली, पण ती टाळली असती तर ट्रेनमध्ये मुलं मेली असती, त्यामुळे तिथे माझं मत अजून ठरत नाही. ग्रानादाच्या बाजारातून घेतलेल्या चामडी पिशवीचा बंद जानेवारीत तुटला. व्हिसाला बाराच्या पुढच्या मुलांनाही मोठ्यांइतकेच ९० युरो लागतात, वर विमा, वर कागद, यात माझे दोन शनिवार गेले, ते शीटमध्ये कुठे धरलेच नव्हते. फोटो तीन हजारांवर, कोणी उघडलेले नाहीत.

टिकलेलं काय, तर काकवी. लेकीचं फोनवरचं स्पॅनिश, रोज पंधरा मिनिटं, बोर्डाच्या अभ्यासापेक्षा नियमित. आणि रविवारी दुपारी अडीचला जेवण, सासूबाई सोडून सगळ्यांना मान्य.

पाचपैकी चार. एक स्टार पासपोर्टचा कापला, तो आमचाच.

शीट मागणाऱ्या सगळ्यांना पाठवते, फक्त दुसरा टॅब बघा. पहिल्यात अजून जिब्राल्टर आहे, नवरा काढू देत नाही.