डेडलाइनला मोठा स्टार आणायचा की दोन कामाची माणसं?

फेब्रुवारी आला की एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, ट्रेड डेडलाइन (खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख) येते आणि आमच्या ग्रुपवर वाद ठरलेला, आपल्या टीमनं सगळं पणाला लावून एक मोठा स्टार उचलायचा की गपचूप दोन कामाची माणसं आणून भोकं बुजवायची. मी फिनिक्सजवळ चँडलरला राहतो म्हणजे अर्थातच फिनिक्स सन्सचा, आणि मावसभाऊ पुण्यात बसून डॅलसचा फॅन, तो पण नोवित्स्कीच्या काळापासूनचा, त्यामुळे त्याला कुणी नवशिका म्हणू शकत नाही. डेडलाइन इथे दुपारी एकला संपते, ऐन डबा उघडायच्या वेळी, आणि त्याच्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजलेले असतात तरी पठ्ठ्या जागा असतो. आमच्या दोघांच्या टीमनी मागच्या काही वर्षांत हे दोन्ही प्रकार करून बघितलेत, म्हणून म्हटलं ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी एकदा लिहून काढावं. सॅलरी मॅचिंग म्हणजे ट्रेडमध्ये दोन्हीकडचे पगार साधारण जुळवणं, पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू वाटून घ्यायच्या वार्षिक निवडीत) खेळाडू निवडायचा हक्क, फर्स्ट राउंडचा वजनदार आणि सेकंडचा चिल्लर, आणि स्वॅप म्हणजे समोरच्याला त्याचा पिक आपल्या पिकशी बदलून घ्यायची मुभा, एवढं माहीत असलं की पुरे.

आधी स्टारवाली बाजू, कारण मी स्वतः त्या बाजूला होतो आणि चांगला आवाज करून होतो.

फेब्रुवारी २०२३, रात्री झोपायला निघालो तर फोन नुसता थरथरतोय. केव्हिन डुरँट ब्रुकलिनहून फिनिक्सला. बदल्यात मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर, चार फर्स्ट राउंड पिक कसलंही प्रोटेक्शन न ठेवता (म्हणजे नंबर कितीही वरचा आला तरी पिक त्यांचाच), आणि वर २०२८ चा स्वॅप. मावसभावाचा लगेच मेसेज, "चार जरा जास्त नाही झाले?" मी त्याला लिहिलं, पिक काय लोणचं घालून ठेवायचेत का. तो मेसेज त्यानं स्टार करून ठेवलाय आणि दरवर्षी काढतो.

पण तेव्हा मला ते मनापासून पटलं होतं आणि आजही तेव्हाच्या मला मी फार दोष देत नाही. ज्या टीमनं १९७६, १९९३ आणि २०२१ अशा तीन फायनल हरल्यात, एकही टायटल नाही, आणि आदल्याच वर्षी ६४ मॅच जिंकून घरच्या कोर्टावर डॅलसकडून प्लेऑफच्या निर्णायक सातव्या मॅचमध्ये ३३ पॉइंटनी मार खाल्लाय, त्या टीमच्या फॅनला तुम्ही सांगणार की सबुरीनं घे? आणि डुरँट आल्यावर रेग्युलर सीझनमध्ये तो जेवढ्या मॅच खेळला त्या सगळ्या आम्ही जिंकलो, आठच्या आठ. तो शॉट घ्यायला वर उडाला की पुढचा डिफेंडर आहे की नाही यानं काही फरकच पडत नाही, बॉल जाणार. अशा माणसाच्या अंगावर आपल्या टीमची जर्सी बघणं म्हणजे काय ते रोल प्लेअर (ठरलेलं एखादंच काम करणारी माणसं) आणून मिळत नाही, ते मान्यच.

त्याच्या होम डेब्यूची तिकिटं पण काढली होती, ८ मार्च, ओक्लाहोमा सिटी विरुद्ध. किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही. जागेवर जाऊन बसतोय तर कळलं वॉर्मअपमध्ये पाय घसरून घोटा दुखावला, आज खेळणार नाही. नशीब, दुसरं काय. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा मी घरी सोफ्यावर.

आता इथे एक गोष्ट लोक वाद घालताना विसरतात. आठ-शून्य ऐकायला भारी आहे पण त्यातच गोम आहे, आठच मॅच. डेडलाइनला आलेल्या स्टारला प्लेऑफच्या आधी जेमतेम पंचवीस-तीस मॅच मिळतात, त्यात कुठे दुखलं खुपलं की गेलंच. ट्रेनिंग कॅम्प नाही, कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं नाही. आणि त्याच्या पगाराशी मॅच करायला दोन-तीन चांगली माणसं पाठवावी लागतात, त्यामुळे बेंच एका रात्रीत ओसाड. मग बायआउट मार्केटमध्ये (म्हणजे आपापल्या टीमनी करार मोडून सोडून दिलेल्या खेळाडूंत) जाऊन मिनिमम पगारावर कोण सापडतंय ते बघत फिरायचं. डेन्वरविरुद्ध दुसऱ्या राउंडला तेच झालं. आमच्या बुकरनं एका मॅचमध्ये ४७ मारले, डुरँटनं मारले, आणि बाकीचे कोण ते आठवायला मला आता गूगल करावं लागेल. आमचा ख्रिस पॉल जखमी झाला आणि सहाव्या मॅचला हाफटाइमला आम्ही घरच्या कोर्टावर ३० नी मागे. आदल्या वर्षी डॅलसविरुद्ध हाफटाइमला किती नी मागे होतो? ३०. मधे चार पिक आणि ब्रिजेस जाऊन आकडा तोच.

तरी पण हरण्याचं मला एवढं नाही वाटलं. हरणं सन्सच्या फॅनला अंगवळणी पडलेलं असतं. माझं मत फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं, आणि ती सांगितली की लोक हसतात.

त्या ट्रेडनंतर माझी फेब्रुवारी गेली.

म्हणजे बघा, सलग दोन वर्षांचे फर्स्ट राउंड पिक देता येत नाहीत, स्टेपियन रूल, म्हणून ब्रुकलिनला गेलेले पिक एकाआड एक वर्षाचे होते, २०२३, २५, २७, २९. ठीक, निदान मधली वर्षं आपली, असं मी स्वतःला समजावलं. त्याच उन्हाळ्यात ब्रॅडली बील आला आणि मधल्या वर्षांचे स्वॅप वॉशिंग्टनला गेले. संपलं. बील आला तो नो-ट्रेड क्लॉज खिशात घेऊन, म्हणजे त्याला विचारल्याशिवाय त्याला हलवता येणार नाही. मग टीम गेली सेकंड एप्रनच्या (टीमच्या एकूण पगारावरच्या सगळ्यात वरच्या रेषेच्या) वर, तिथे दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा आणायला बंदी, रोख पैसे द्यायला बंदी, सात वर्षं पुढचा पिक गोठवतात तो वेगळाच.

आता माझ्यासारख्या माणसाचं काय होतं सांगतो. मला डिसेंबरपासून ट्रेड मशीन (ट्रेड नियमात बसतो का ते सांगणारी वेबसाइट) उघडून बसायची सवय आहे, हा पाठवला तो आला, वर एक सेकंड राउंड पिक टाकला की झालं, असे पंचवीस ट्रेड मी जेवायच्या सुट्टीत करतो, काही लोक कँडी क्रश खेळतात मी हे. २०२३ नंतर कुठलाही ट्रेड टाकला की मशीन लाल. हा चालत नाही, एप्रन. तो चालत नाही, एप्रन. पिक जोडू म्हटलं तर पिक नाही. बाकी सगळे बाजारात फिरतायत, भाव करतायत आणि आपण रिकामी पिशवी घेऊन कोपऱ्यात उभे. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही उरलासुरला २०३१ चा पिक युटाला देऊन त्याचे तीन हलके पिक आणले, का, तर ट्रेड करायला हातात काहीतरी चिल्लर पाहिजे म्हणून. पाचशेची नोट मोडून चुरगळलेल्या दहा-वीसच्या घेतल्या. आणि मग डेडलाइनला झालं काय, नुर्किचला शार्लटला पाठवलं, त्यालाही एक फर्स्ट राउंड पिक चिकटवावा लागला, आणि कोडी मार्टिन आणि मिसिच आले. डब्यातली भेंडी गार झाली तोवर.

पिक हा शब्द आपल्याकडे पीक म्हणून वाचला तरी चालेल असं मला तेव्हापासून वाटतं. बियाण्याचं धान्य दळून खाल्लं की पुढच्या वर्षी शेतात जाऊन करायचं काय.

त्यावर कडी म्हणजे २०२५ ला आम्ही ३६-४६, प्ले-इन (प्लेऑफच्या आधीची पात्रता फेरी) पण नाही. एरवी एवढं वाईट खेळलात तर निदान ड्राफ्टची तरी आशा असते, पण तो पिक ब्रुकलिनमार्गे ह्यूस्टनकडे. दहावा आला. मग उन्हाळ्यात डुरँट ह्यूस्टनला गेला आणि बदल्यात जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, पाच सेकंड राउंड पिक आणि तोच दहावा पिक. आमचाच. स्वतःची सायकल जुन्या बाजारातून परत विकत आणल्यासारखं. आणि ज्या ब्रिजेसला आम्ही डुरँटच्या पॅकेजमधे टाकून दिला त्याला ब्रुकलिननं मधल्या काळात निक्सला विकून पाच फर्स्ट राउंड पिक उभे केले. यावर मी फार बोलत नाही, बीपी वाढतं.

आता दुसरी बाजू. ही मी मावसभावाच्या तोंडून जगलोय.

फेब्रुवारी २०२४ ला डॅलसनं पी जे वॉशिंग्टन आणि डॅनियल गॅफर्ड आणले. एक शार्लटहून, एक वॉशिंग्टनहून (हो, वॉशिंग्टन तिथून नाही आला, यावर आमच्याकडे एक आठवडा पीजे झाले). दोन फर्स्ट राउंड पिक गेले, फुकट नव्हतं, पण डॉन्चिच आणि काइरी या त्यांच्या दोन स्टारना हात लागला नाही. मी त्याला म्हटलं, हे काय, भाजी आणायला गेलास आणि कोथिंबीर घेऊन आलास. तो म्हणाला थांब. गॅफर्ड रिमखाली, वॉशिंग्टन कोपऱ्यात आणि समोरच्या मोठ्या फॉरवर्डवर, बस्स, दोघांना एकेकच काम दिलेलं. मे महिन्यात ओक्लाहोमाविरुद्ध सहाव्या मॅचला २.५ सेकंद राहिले असताना फ्री थ्रो लाइनवर कोण उभा होता तर हाच वॉशिंग्टन, आणि डॅलस कॉन्फरन्स फायनलला, तिथून फायनलला. पुढे बॉस्टननं ४-१ नी धुतलं ते सोडा. पण बॉस्टनकडे तरी काय होतं, त्यांनी २०२२ च्या डेडलाइनला सॅन अँटोनियोहून डेरिक व्हाइट आणला होता तेव्हा किती जणांनी बातमी पूर्ण वाचली असेल? टोरंटोनं २०१९ ला मार्क गॅसोल, मिलवॉकीनं २०२१ ला पी जे टकर, दोन्हीकडे जूनजुलैत टायटलची मिरवणूक.

हां, यात एक पळवाट आहे ती मीच सांगतो. या सगळ्या टीमकडे स्टार आधीच होता. टोरंटोनं आपला स्टार क्वाहाय लेनर्ड आदल्या उन्हाळ्यात आणला होता, म्हणजे मोठा जुगार खेळलेच, फक्त फेब्रुवारीत नाही खेळले. त्यामुळे ज्यांच्याकडे एकही खरा स्टार नाही त्यांनी दोन रोल प्लेअर आणून काय होणार, सातव्याचे सहावे होणार. लेकर्सनी २०२३ ला वेस्टब्रुक देऊन रसेल, वँडरबिल्ट, बीझली आणले, कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेले, पण तिथे डेन्वरसमोर ४-०. याची एक मर्यादा आहे, नाही असं नाही.

आणि स्टारवाल्यांकडेही चांगली उदाहरणं आहेत. १९९५ च्या फेब्रुवारीत ड्रेक्सलर ह्यूस्टनला आला आणि सहाव्या सीडवरून (म्हणजे सहाव्या नंबरनं प्लेऑफला येऊन) टायटल. २००८ ला पाउ गॅसोल लेकर्सला, त्या वर्षी फायनल, पुढची दोन वर्षं टायटल. कोबीवाले (म्हणजे लेकर्सचा कोबे ब्रायंट, आमच्याकडे एक काका कोबी म्हणतात) ते उदाहरण काढल्याशिवाय झोपत नाहीत. पण बारकाईनं बघा, दोन्ही वेळी टीमचा सांगाडा तसाच राहिला होता. बेंच रिकामं करून स्टार आणला आणि तरी जमलं असं माझ्या बघण्यात कमी आहे. मी काही सगळा इतिहास तपासलेला नाही, चूक असेन तर सांगा.

डॅलसची दुसरी गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे. बरोबर एका वर्षानं, इथे शनिवार रात्र, पुण्यात रविवार सकाळ, मावसभाऊ पोहे खातोय आणि बातमी, डॉन्चिच लेकर्सला, अँथनी डेव्हिस इकडे. त्याचा फोन, "अरे अकाउंट हॅक झालंय बहुतेक." नव्हतं झालं. डेव्हिस पहिल्याच मॅचला जखमी, अरेनात महिनोनमहिने जीएमला (ट्रेड ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरला) काढा म्हणून ओरडा, शेवटी नोव्हेंबरमध्ये काढला. मधे १.८ टक्के चान्स असताना ड्राफ्टचा पहिला नंबर ठरवणारी लॉटरी लागली आणि कूपर फ्लॅग मिळाला, म्हणून तो आता जरा माणसात आहे. पण यातही गंमत बघा, पहिला नंबर लागला तेव्हा पिक स्वतःचा होता म्हणून हाताला काही लागलं. आमचा असता तर दुसऱ्याच्या घरी दिवाळी.

तर ठरवायचं असेल तर मी म्हणेन नाव कितीही मोठं असू दे, आधी दोन गोष्टी बघा. ट्रेड झाल्यावर तुमचा आठवा माणूस कोण राहतो, आणि पुढच्या फेब्रुवारीत देण्यासारखं तुमच्याकडे काय उरतं. दोन्हीचं उत्तर पटकन आलं तर घ्या स्टार, मी पण ढोल वाजवीन. नाही आलं तर मला आपला गॅफर्ड बरा वाटतो. कदाचित वय झालं असेल. ब्रूक्स आल्यापासून मला सन्सची मॅच बघायला परत मजा येते, तो काही स्टार नाही, नुसता समोरच्याच्या अंगावर जातो.

ज्यांना हे अगदीच मिळमिळीत वाटतंय त्यांच्यासाठी, ३५ नंबरची जांभळी जर्सी, मिडियम, दोनदा घातलेली, एकदा घरीच.