‘कॅट्स अँड डॉग्ज’: पहिला भाग लावावा की दुसरा?

घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल आणि बोलणाऱ्या कुत्र्यांचा सिनेमा हवा असेल, तर ‘कॅट्स अँड डॉग्ज’चं नाव निघतंच. पहिला भाग २००१चा. दुसरा, ‘द रिव्हेंज ऑफ किटी गॅलोर’, २०१०चा. समीक्षकांचा कौल मोजणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या नावापुढे १३ टक्के दिसतात आणि बरेच पालक तिथूनच मागे फिरतात. पहिल्याची टक्केवारी पन्नाशीच्या आसपास. पण हे परीक्षेतले गुण नव्हेत. शंभरातल्या तेरा समीक्षकांना सिनेमा एकुणात बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. बाकीचे चिडले की नुसतेच कंटाळले, हे त्यातून कळत नाही.

पहिल्या भागाचं बळ म्हणजे त्यातलं घर. कुत्र्यांच्या ॲलर्जीवर औषध शोधणारे प्रोफेसर, एकटा पडलेला त्यांचा मुलगा आणि चुकून गुप्तहेर झालेलं लू नावाचं बीगल पिल्लू. खलनायक मिस्टर टिंकल्स हे पांढरं पर्शियन मांजर. जग जिंकायच्या गप्पा मारतं, आणि मोलकरीण त्याला झालरीचे कपडे चढवून नटवते! हा विनोद कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही. खरे कुत्रे, यांत्रिक बाहुल्या आणि संगणकावरची चित्रं यांचे सांधे मात्र आता उघडे पडतात. शिवाय मांजरं सरसकट दुष्ट. मांजरवाल्यांची ही तक्रार रास्तच होती.

दुसऱ्या भागाने ती तक्रार मनावर घेतली. कुत्र्यांच्या जोडीला कॅथरीन ही हेर मांजर आली. पण घर गेलं! उरले ते सॅन फ्रान्सिस्कोतले पाठलाग, उपकरणं आणि उपग्रह. सगळा भर जेम्स बाँडच्या विडंबनावर. खलनायिका किटी गॅलोर हे नावच ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटातल्या एका पात्रावरून बेतलेलं. एकेकाळी बाँड साकारलेल्या रॉजर मूरचा आवाज एका बोक्याला, सुरुवातीचं गाणं बाँडपटांची शीर्षकगीतं गाणाऱ्या शर्ली बॅसीचं. बाँडचा खलनायक पांढरी मांजर कुरवाळतो, म्हणून इथे बिनकेसांची किटी पांढरा उंदीर कुरवाळते. मला हे बघून हसू आलं. मुलाच्या लेखी तो फक्त एक उंदीर. सिनेमाची गोची इथेच होते: मोठ्यांचे विनोद मुलांच्या डोक्यावरून जातात आणि मुलांसाठीची धडपड-आदळआपट मोठ्यांना कंटाळा आणते.

समीक्षकांच्या रागाचा एक भाग थ्रीडीवर होता. थ्रीडीच्या सर्वांत वाईट वापरासाठी या सिनेमाला रॅझी या वाईट सिनेमांसाठीच्या उपहासात्मक पुरस्काराचं नामांकनही मिळालं. घरच्या टीव्हीवर बघणाऱ्याने तो राग सरळ वजा करावा.

प्रेक्षकही आटले होते, हे खरं. पहिला भाग सुमारे ६ कोटी डॉलरमध्ये बनला आणि त्याने जगभरात २० कोटी कमावले. दुसऱ्याला साडेआठ कोटी लागले, हाती आले सव्वाअकरा कोटी. तिसरा भाग २०२० मध्ये आला तो अमेरिकेत थिएटर टाळूनच.

मग लावायचा कुठला? मुलाशेजारी बसून बघणार असाल, तर पहिलाच. इंग्रजी संवाद भराभर जातात आणि या वयात सबटायटल वाचून होत नाहीत. तरी पहिल्यात बरंचसं डोळ्यांनी कळतं. दुसऱ्याची गंमत शब्दांच्या कोट्यांवर जास्त अवलंबून, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाचं नुकसानही जास्त. मूल इंग्रजी माध्यमातलं असेल आणि तुम्हाला तेवढ्यात स्वयंपाक उरकायचा असेल, तर दुसरा बिनधास्त लावून द्या. जेमतेम ८२ मिनिटांचा आहे, आणि शेमस नावाचं बडबडं कबूतर पोराला खिळवून ठेवेल. घरात मांजर पाळलेली असेल तरी माझं मत दुसऱ्यालाच, नाहीतर सिनेमा संपल्यावर तिच्याकडे उगाच संशयाने बघितलं जाईल.