केंट की सटन? ग्रामर स्कूलचा अर्ज
इंग्लंडच्या केंट कौंटीत ३२ ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळा), पण प्रवेश परीक्षा मुख्यतः एकच. तिथल्या प्राथमिक शाळेतलं मूल सप्टेंबरात आपल्याच शाळेत बसून ती देतं: इंग्रजी, गणित, रीझनिंग, शिवाय एक छोटं लेखन. लेखनाचे गुण धरत नाहीत. मूल थोडक्यात हुकलं, तर फेरविचार करताना मुख्याध्यापक ते वाचतात. मला ही सोय फार मोलाची वाटते. मात्र पास म्हणजे प्रवेश नव्हे. बऱ्याच शाळा पुढे घराचं अंतर बघतात, टनब्रिजची जड स्कूल गुणही बघते.

लंडनच्या सटनला आधी इंग्रजी-गणिताची बहुपर्यायी परीक्षा, मग विल्सन्ससारख्या शाळांची दुसरी फेरी. मुलं लांबलांबून येतात, त्यामुळे चढाओढ जीवघेणी.

घर केंटमध्ये असेल तर मी केंटच म्हणेन. अकरा वर्षांच्या पोराला रोज दोन ट्रेन बदलायला लावू नये. परीक्षेची नोंदणी उन्हाळ्यातच करा. शाळांचा अर्ज वेगळा, ३१ ऑक्टोबरपर्यंत आपल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे. पसंतीक्रम मनातला खराच लिहा, त्यावरून शाळा निवड करत नाहीत. आणि यादीत जवळची एक साधी, प्रवेश परीक्षा नसलेली शाळा हवीच.