मनन चांगलं, पण वर्ष चुकीचं: उपासनेच्या तयारीच्या ॲपचा अनुभव

ॲपने वर्गणी संपत आल्याची आठवण पाठवली, म्हणून हे लिहिते आहे. पैसे आपोआप कापले जायची सोय होती, ती आधी बंद केली आणि मगच लिहायला घेतलं.

ॲपचं नाव देत नाही. अशी बरीच आहेत आणि साचा साधारण एकच असतो: सोमवार ते शुक्रवार दोन-तीन मिनिटांचं मनन, शनिवारी संध्याकाळी आत्मपरीक्षण, रविवारी सकाळी नुसती प्रार्थना. रविवारी चर्चमध्ये बायबलमधले जे पाठ (उतारे) वाचले जाणार त्यांची आठवडाभर आधीच ओळख व्हावी, हा हेतू. हेतू मला पटला होता. उपदेश सुरू झाल्यावर पाठ शोधत पानं उलटणाऱ्यांपैकी मी एक आहे.

२०२५ च्या इस्टरनंतर वापरायला लागले. सुरुवातीला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे गोष्टी. दर दुसऱ्या मननात कुणीतरी गिर्यारोहक नाहीतर म्हातारा घड्याळजी भेटतो, आणि संध्याकाळपर्यंत घड्याळजी लक्षात राहतो, वचन नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कोरा पडदा. मनन संपलं की एक मिनिट पडद्यावर काहीच नसतं आणि तोवर पुढे जाण्याचं बटणही येत नाही. वर्गणी भरून रिकामा पडदा बघायचा? चिडून तक्रार लिहायला घेतली होती.

घड्याळजीबद्दलचं मत आजही तेच आहे. कोऱ्या पडद्याबद्दलचं पूर्ण बदललं. 'तुमची अंतःकरणे वर करा' हे वाक्य प्रभुभोजनाच्या विधीत तिसऱ्या शतकापासून आहे. ज्याच्यापुढे सगळी मनं उघडी आहेत त्या देवाने आमचे विचार शुद्ध करावेत, ही प्रार्थना अँग्लिकन उपासनेत १५४९ पासून सुरुवातीलाच येते. दोन्ही आपण सेकंदात म्हणून टाकतो. आठवडाभर रोज एक मिनिट काहीही न करता बसल्यावर रविवारी ही वाक्यं तोंडातून पटकन निसटत नाहीत. अडखळायला होतं, आणि ते अडखळणं मला हवं आहे.

शनिवारचा भाग सगळ्यांत दमदार. एका शनिवारी मत्तय ५:२३-२४ होतं: अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. खाली एकच शब्द: 'कोण?' आपला कुणावर राग आहे, असं विचारलेलं नाही. कुणाचा आपल्यावर आहे, असं विचारलंय, आणि ती यादी बनवणं फार गैरसोयीचं असतं. हाच प्रश्न रविवारी सकाळी आला असता तर 'आता वेळ नाही' म्हणून सुटका झाली असती. शनिवारी संध्याकाळी फोन करायला वेळ असतो. केला. बोलणं फार गोड झालं नाही, पण झालं.

तर नोव्हेंबरपर्यंत मी हे ॲप भेटेल त्याला सुचवत होते. मग आगमनकाळ आला, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार.

सेटिंगमध्ये 'रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी' निवडलेली आहे. आमच्या मंडळीतही तीच चालते. १९९२ पासूनची ही पाठसूची, म्हणजे कोणत्या रविवारी काय वाचायचं याचा ठरलेला क्रम, तीन वर्षांच्या चक्राची: शुभवर्तमानांपैकी अ वर्ष मत्तयाचं, ब मार्काचं, क लूकाचं, आणि योहानाचं शुभवर्तमान तिन्हींत विखुरलेलं. वर्ष बदलतं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, १ जानेवारीला नाही. ३० नोव्हेंबर २०२५ ला क संपून अ लागलं. ॲपला पत्ताच नाही! त्याच्या हिशेबी २०२५ म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत क. माझा अंदाज असा की प्रोग्राम लिहिणाऱ्याने सनाला तीनने भाग जातो का (जात असेल तर क) एवढंच पाहिलं.

त्या रविवारी चर्चमध्ये स्तोत्र १२२ होतं. परमेश्वराच्या घराकडे जाऊ या, असं लोक म्हणाले तेव्हा आनंद झाला, ते स्तोत्र. यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या पंधरा आरोहणस्तोत्रांपैकी (१२० ते १३४) हे एक. उपासनेला जाण्याची तयारी हेच ज्या ॲपचं काम, त्याने नेमकं हे स्तोत्र चुकवलं आणि माझ्यापुढे स्तोत्र २५ ठेवलं. स्तोत्र २५ सुंदरच आहे, पण ते मागच्या वर्षीचं.

दुसऱ्या रविवारी चूक जवळजवळ लपली, कारण दोन्हीकडे बाप्तिस्मा करणारा योहानच होता, ॲपमध्ये लूक ३ चा आणि चर्चमध्ये मत्तय ३ चा. तिसऱ्या रविवारी ॲपमधला योहान लोकांना 'दोन अंगरखे असतील तर एक द्या' असं ठणकावत होता आणि चर्चमधला योहान तुरुंगातून विचारत होता, येणारा तो तूच का. चौथ्या रविवारी मी आठवडाभर येशूच्या आईबरोबर, मरीयेबरोबर, तिच्या नातेवाईक अलीशिबेच्या घरी, आणि उपदेश मरीयेच्या वाग्दत्त वराच्या, योसेफाच्या, स्वप्नावर. कळस २८ डिसेंबरला. ॲपमध्ये येशू बारा वर्षांचा होऊन मंदिरात गुरुजनांशी बोलतोय, आणि चर्चमध्ये योसेफ तान्ह्या बाळाला घेऊन रातोरात मिसरला पळतोय.

तक्रार केली. पहिलं उत्तर: ॲप अद्ययावत करा. केलं. दुसरं उत्तर: आमचा सर्व मजकूर प्रार्थनापूर्वक तयार केला जातो. त्याबद्दल शंका नव्हतीच, तारखेबद्दल होती. तिसरं उत्तर: वेगवेगळ्या मंडळ्या वेगवेगळ्या पाठसूची वापरतात. मी सेटिंगचा फोटो पाठवला. त्यावर आशीर्वाद आले, दुरुस्ती आली नाही. जानेवारीत ॲप आपोआप ताळ्यावर आलं आणि माझी तक्रार 'निवारण झाली' म्हणून बंद करण्यात आली.

मैत्रीण म्हणते, मरीयेचं ऐकून योसेफाकडे गेलीस तर बिघडलं काय? बिघडलं नाही, हे मान्य. तिच्या घाईघाईच्या प्रवासानंतर योसेफाची अवघड शांतता जास्त भिडली. पण तो योगायोग होता, आणि मी वर्गणी योगायोगाची भरलेली नाही.

ज्यांच्या चर्चमध्ये पाळक दर आठवड्याला स्वतः पाठ निवडतात, त्यांना या दोषाचा काहीच त्रास नाही. त्यांनी खुशाल घ्यावं. वाचून दाखवणारा आवाज मात्र बंद ठेवावा, तो विलापगीतही बातम्यांसारखं वाचतो. पाठसूचीवाल्यांनी आगमनकाळात रविवारचे पाठ चर्चच्या उपासनाक्रमातून घ्यावेत आणि ॲपमधला फक्त शनिवारचा प्रश्न आणि तो कोरा मिनिट वापरावा.

नूतनीकरण मी सध्या केलेलं नाही. २९ नोव्हेंबर २०२६ ला ब वर्ष सुरू होतं. त्या आठवड्यात महिन्याभराची वर्गणी भरून बघेन. त्या रविवारचं ब वर्षाचं मार्क १३ उघडलं तर वर्षाचे पैसे भरेन. संपलेल्या अ वर्षाचं मत्तय २४ दिसलं तर मिनिटभर गप्प बसायला मला ॲप लागत नाही.