जिल्हा पोलीस की एसआरपीएफ? अर्ज भरण्याआधी दोन्ही नोकऱ्यांचा हिशोब

भरती निघाली की बहुतेक मुलं जिल्हा पोलीस शिपाई पक्कं धरतात आणि एसआरपीएफचा, म्हणजे राज्य राखीव पोलीस बलाचा, अर्ज 'असू दे, एक जास्तीचा' म्हणून भरून ठेवतात. गडबड इथूनच सुरू होते. वर्दी खाकीच, वेतनश्रेणीही तीच, एस-७, मूळ वेतन २१,७०० पासून. पण परीक्षा वेगळी आणि रोजचं काम तर पुरतं वेगळं.

आधी मैदान बघू. जिल्हा शिपायाला ५० गुणांची मैदानी, म्हणजे शारीरिक, चाचणी असते : १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. लेखी १०० गुणांची, दीड तासाची, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे दीडशेतले शंभर गुण बाकावर बसून मिळवायचे. एसआरपीएफची लेखी तेवढ्याच गुणांची, पण मैदानही १०० गुणांचं, आणि त्यात एकट्या ५ किलोमीटरला ५०. उरलेले गुण १०० मीटर आणि गोळ्याला, २५-२५. ज्याचं अंकगणित, बुद्धिमत्ता पक्की पण दम बेताचा, त्याने जिल्ह्यावर जोर द्यावा. ज्याचा दम खणखणीत आणि व्याकरणात चार-पाच गुण सांडतात, त्याला एसआरपीएफमध्ये भरपाईला जागा आहे.

१६०० मीटरला पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. पोरं चुकतात ती पहिल्या फेरीत : बाजूचा सुटला म्हणून पासष्ट-सत्तर सेकंदांत फेरी मारतात आणि तिसऱ्या फेरीला पाय जड होतात. घड्याळ लावून एकेक फेरी सारख्या वेळेत काढायचा सराव याला औषध. पण एवढ्यावर ५ किलोमीटर निघत नाही. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा सात-आठ किलोमीटर संथ धावणं लागतं आणि ते अंगात मुरायला काही महिने जातात. मैदान पंधरा दिवसांवर आल्यावर लांब पल्ला सुरू केला तर नडगी दुखायला लागते आणि हातचे १६०० सुद्धा जातात.

गोळा ७.२६० किलोचा. जिल्ह्याच्या चाचणीत ८.५० मीटरला पूर्ण १५ गुण, त्याच्या जरा आत पडला की थेट १२. इथे ताकदीपेक्षा तंत्र जास्त घात करतं : गोळा मानेपासून सुटून खांद्यामागे गेला की तो फेकला जातो, ढकलला जात नाही. तोल जाऊन पाय वर्तुळाबाहेर पडला तर ती फेक बाद.

मैदानात निम्मे गुण मिळाले म्हणजे लेखीला बोलावणं आलंच, असं समजू नका. प्रवर्गातल्या जागांच्या दहापट उमेदवारच गुणवत्तेने बोलावतात.

आता नोकरी. जिल्ह्यात प्रशिक्षण संपलं की नवा शिपाई बहुधा आधी मुख्यालयात असतो. गार्ड ड्युटी, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण), बंदोबस्त. पोलीस ठाणं मिळालं की समन्स-वॉरंट, बीट (नेमून दिलेला भाग), मुद्देमाल, कोर्टाच्या तारखा. वेळेचा भरवसा नाही, पण घर एका जिल्ह्यात राहतं आणि कायद्याचं काम हाताखालून जातं. पुढे खात्यांतर्गत परीक्षेतून फौजदार व्हायचं मनात असेल तर हा अनुभव फार कामाला येतो.

एसआरपीएफचा जवान कंपनीबरोबर, म्हणजे आपल्या तुकडीबरोबर, हलतो. निवडणूक, गणेशोत्सव, दंगल, गडचिरोली : आदेश आला की पेटी-बिस्तरा गाडीत, मुक्काम शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात. त्या बदल्यात तपासाचं कागदी ओझं नाही, फिर्यादी दारात येऊन उभा राहत नाही. खेळाडूला इथलं वातावरण मानवतं. घरी म्हातारे आईवडील एकटे असतील तर नाही मानवत. 'काही वर्षांनी जिल्ह्यात बदली घेऊ' या भरवशावर मात्र जाऊ नका. त्यासाठीची १५ वर्षं सेवेची अट पुढे कमी झाली हे खरं, पण तरी ती वर्षांचीच गोष्ट आहे, महिन्यांची नाही.

कारागृह शिपाई हा तिसरा पर्याय. आपल्याकडे कारागृह हा वेगळा विभाग आहे. ठरावीक पाळी आणि एकच आवार चालत असेल तर कारागृह वाईट नाही.

आमचा कौल : मुलगा खुल्या प्रवर्गातला, २५ च्या आतला आणि लांब पल्ल्याचा असेल तर एसआरपीएफ पहिला. बाकी बहुतेकांना जिल्हा. वयाची मर्यादा तिकडे २५, मागास प्रवर्गाला ३०; जिल्ह्याला २८ आणि ३३. मुलींना हा प्रश्नच पडत नाही, एसआरपीएफच्या सशस्त्र शिपायाची भरती आजवर पुरुषांचीच झाली आहे.

अर्जाची एक मेख : एका पदाला एकच घटक, म्हणजे एकच भरतीचं ठिकाण. जिल्हा शिपाई आणि एसआरपीएफ असे दोन अर्ज चालतात, पण पुणे आणि सातारा दोन्हीकडे शिपाईपदाला भरलात तर बाद व्हाल. उंची एसआरपीएफला १६८ सेंटीमीटर, जिल्ह्याला १६५. छाती न फुगवता ७९, फुगवून ५ ने वाढायला हवी. उंची सकाळी भरते आणि दिवसभर उभं राहून सेंटीमीटरभर घटू शकते, म्हणून काठावरच्याने संध्याकाळी मोजून मगच एसआरपीएफचं शुल्क भरावं.