स्टेलाबाई आणि आजारी हंसीण : अ‍ॅक्सेंट शिकवायला दोन फुकट वेबसाइट वापरून बघितल्या त्याबद्दल

एमएला 'व्हरायटीज ऑफ इंग्लिश', म्हणजे ठिकठिकाणची वेगवेगळी इंग्रजी, शिकवते मी. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्कॉटलंडचे लोक 'कार'मधला र नीट वाजवतात, लंडनकडचे गिळतात, पण पोरांना ऐकवायचं काय? पहिली काही वर्षं मीच आवाज काढून दाखवायचे आणि माझं स्कॉटिश दर वेळी सोलापूरहून निघून पंढरपूरला पोचायचं, शेवटी नाद सोडला. यूट्यूबवर शोधलं तर सगळे नकलाकार, खरी माणसं कमीच.

मग सापडलं स्पीच अ‍ॅक्सेंट अर्काइव्ह. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीचं आहे, १९९९ पासूनचं. जगभरच्या लोकांकडून एकच ६९ शब्दांचा परिच्छेद वाचून घेतलाय, 'प्लीज कॉल स्टेला' असा सुरू होतो, स्टेलाला बाजारातून चीज, वाटाण्याच्या शेंगा, प्लास्टिकचा साप वगैरे आणायला सांगायचंय. आमच्याकडे आता ती स्टेलाबाईच झालीये. मजकूर एकच असल्यामुळे तुलना एकदम सोपी जाते. स्पॅनिशवाल्याचं वाचन लावलं तर 'एस्टेला', 'एस्नेक', 'एस्टेशन'. एक मुलगी लगेच म्हणाली, मॅडम, होस्टेलवरची यूपीची मुलगी पण इस्टेशनच म्हणते की! बरोबर, कारण एकच, शब्दाच्या सुरुवातीला स आणि ट जोडून आले की काही भाषांना आधी एक स्वर टेकायला लागतो, आपल्या मराठीला नाही लागत. दोन पानं वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते दोन मिनिटांत शिरलं.

त्यात मराठी मातृभाषा असलेल्यांची पण रेकॉर्डिंग्ज आहेत. ती लावली की वर्ग आधी हसतो, कारण 'थ्री'मधला थ आपल्या थाळीतलाच, आणि 'वी विल'मधला व विहिरीतला. मी हसू देते, मग हसणाऱ्यालाच तोच परिच्छेद मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावते 😄 प्रत्येक सँपलखाली वय, जन्मगाव, इंग्रजी कितव्या वर्षी आणि कसं शिकले हे दिलंय, बऱ्याच ठिकाणी आयपीए, म्हणजे उच्चार लिहायची आंतरराष्ट्रीय लिपी, पण आहे, ते परीक्षेच्या तयारीला फारच कामाचं.

पण वाचन म्हणजे बोलणं नाही हो. माणूस कागद हातात धरून घशातून जो सभ्य आवाज काढतो तो चहाच्या टपरीवरचा नसतोच. 'आय अ‍ॅम लाइक धिस ओन्ली' स्टेलाबाईच्या परिच्छेदात कुठून येणार?

त्यासाठी दुसरी साइट, इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह, सगळे आयडिया म्हणतात. पॉल मायर यांनी १९९७ मध्ये सुरू केली, मुळात नटांना अ‍ॅक्सेंट शिकायला. इथे पण वाचायला एक गोष्ट आहे, जनावरांच्या दवाखान्यातली नर्स आणि एक आजारी हंसीण, आणि ती मुद्दाम अशी रचलीये की उच्चारशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी एकसारख्या स्वराच्या शब्दांचे जे गट केलेत, ते सगळे त्यात यावेत. पण मला आवडतो तो नंतरचा भाग, माणूस आपल्या गावाबद्दल, कामाबद्दल मोकळं बोलतो. वाचताना शहाण्यासारखा वागलेला माणूस तिथे अडखळतो, शब्द गिळतो, स्वतःचा होतो. इंग्लंडची रेकॉर्डिंग्ज काउंटीनुसार (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखी) लावलीत, उत्तरेकडचा एक आणि दक्षिणेकडचा एक काढा आणि फक्त 'बाथ'चा आ ऐकवा, लांब की आखूड, अर्धा तास चर्चा चालते.

एकच सांगते, एक माणूस म्हणजे अख्खा देश नव्हे. 'इंडिया' वर क्लिक करून एकच वाजवलं आणि हे भारतीय इंग्रजी असं सांगितलं तर केरळची पोरगी उठून भांडेल, आणि तिचं बरोबरच असेल.

जाता जाता, इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिश, म्हणजे देशोदेशीच्या इंग्रजीच्या नमुन्यांचा मोठा संग्रह, त्याचा भारताचा भाग आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जमा झालाय, हे सांगितलं की पोरांची छाती फुगते. पण तो हाताशी येतो लिहून काढलेल्या मजकुराच्या रूपात, त्यामुळे व्याकरणाच्या तासाला घ्या, कानाच्या तासाला नको.

आणि रेकॉर्डिंग आदल्या रात्रीच तपासून, पेनड्राइव्हवर घेऊन जा. आमच्या वर्गातल्या स्पीकरला अशी घरघर आहे की त्यातून थ आणि ट एकसारखेच ऐकू येतात, मागच्या महिन्यात मी अर्धा तास आयरिश उच्चार म्हणून कौतुक करत होते तो त्या स्पीकरचाच निघाला. आता घरचा ब्लूटूथ नेते.